पॉलीहाऊसमधल्या टोमॅटोवरचे विषाणूरोग: इंदूर परिसरात पहिल्यांदा लागवड करणाऱ्यांसाठी

टोमॅटोच्या झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध बाजारात नाही. दुकानात 'व्हायरससाठी' म्हणून जी बाटली हातात दिली जाते, ती एक तर कीड मारते, नाही तर झाडाला थोडं खाद्य पुरवते. पेशीतल्या विषाणूला ती धक्काही लावत नाही. हे आधी पक्कं समजून घ्या, कारण पुढचं सगळं काम यावरूनच ठरतं. करपा, म्हणजे बुरशीचा रोग, आला तर फवारणीने पीक सावरता येतं, विषाणूच्या बाबतीत जे करायचं ते तो आत येण्याआधी. त्याच्या येण्याच्या वाटा मोजक्या आहेत: बी आणि रोप, पांढरी माशी, फुलकिडे, मावा आणि माणसाचे हात. प्रत्येक विषाणूची वाट ठरलेली असते. ती ओळखली नाही तर माशीच्या औषधावर पैसे जातात आणि रोग मजुराच्या बोटांवरून पसरत राहतो.

आधी शत्रू ओळखा

पर्णगुच्छ, म्हणजे लीफ कर्ल, हा आपल्याकडचा सर्वांत घातक. निमाडात मिरचीवरच्या अशाच रोगाला 'कुकडा' म्हणतात, त्यामुळे मजुरांच्या तोंडी टोमॅटोसाठीही तोच शब्द येतो. शेंड्याची पानं बारीक राहतात, कडा पिवळ्या पडून वाटीसारख्या वर वळतात, पेरं आखूड होतात आणि झाड झुडपासारखं खुंटतं. फुलं येतात पण टिकत नाहीत. लावणीनंतरच्या पहिल्या ३० ते ४५ दिवसांत लागण झालेल्या झाडाकडून फळाची आशा धरू नका. हा रोग फक्त पांढरी माशी पसरवते, हात लावल्याने तो पसरत नाही.

माशीचं गणित लक्षात ठेवा. रोगट झाडाचा रस १५ ते ३० मिनिटं शोषला की विषाणू तिच्या पोटात जातो, साधारण दिवसभरात ती रोग पसरवायला तयार होते आणि मग बहुतेक आयुष्यभर पसरवते. निरोगी झाडाला लागण करायला तिला तेवढीच १५-३० मिनिटं पुरतात. म्हणून बाहेरून विषाणू घेऊनच आलेली माशी तुमच्या फवारलेल्या झाडावर बसून मेली, तरी मरण्याआधी तिने काम करून ठेवलेलं असू शकतं. फवारणीने आतली पैदास कमी होते, बाहेरून येणारी माशी थांबत नाही. ती थांबवायचं काम जाळीचं आणि दाराचं.

हाताने पसरणारा रोग म्हणजे टोमॅटो मोझेक आणि त्याचा सख्खा भाऊ तंबाखू मोझेक. पानावर फिकट आणि गडद हिरव्याचे चट्टे, पान थोडं उंचसखल, कधी लांबट आणि अरुंद. फळ आतून तपकिरी पडतं किंवा असमान पिकतं. हा विषाणू विलक्षण चिवट आहे. वाळलेल्या पानांत, मुळांच्या अवशेषांत, बियाच्या सालीवर, कपड्यांवर तो दीर्घकाळ जिवंत राहतो. बिडी, जर्दा, खैनी यांतल्या वाळलेल्या तंबाखूतही तो असू शकतो. त्याला कीटक लागत नाही, बगलफूट (पानाच्या बगलेतून निघणारा फुटवा) मोडताना बोटाला लागलेला रस पुढच्या झाडाला लागला की पुरे. याच कुळातला ब्राउन रुगोज नावाचा नवा विषाणू २०१४-१५ च्या सुमारास इस्रायल आणि जॉर्डनमध्ये आढळला. जुन्या संकरित वाणांतली मोझेकविरोधी शक्ती त्याच्यापुढे चालत नाही. त्यामुळे कोणी खासगीत आणून दिलेलं, पाकिटाशिवायचं परदेशी बी वापरू नका.

फुलकिड्यांनी येणारा, ज्याला स्पॉटेड विल्ट किंवा कळीकरपा म्हणतात, तो वेगळाच दिसतो. कोवळी पानं काशाच्या भांड्यासारखी तपकिरी चमकतात, त्यांवर बारीक काळे ठिपके येतात, देठावर काळे पट्टे उठतात आणि शेंडा जळाल्यासारखा खाली वाकतो. हिरवं फळ हातात घेऊन उजेडात फिरवून बघा: सालीवर एकात एक फिकट वर्तुळं दिसतात, पिकल्यावर तीच पिवळी-लाल होतात. या विषाणूची एक विशेष गोष्ट आहे. फुलकिड्याची पिल्लंच तो उचलू शकतात आणि तीच मोठी होऊन पसरवतात. म्हणजे फुलकिडा जिथे अंडी घालून वाढतो ते झाड खरं धोक्याचं. तो कोष अवस्थेत जमिनीत किंवा पडलेल्या पालापाचोळ्यात जातो, म्हणून बेडवर मल्चिंग (प्लॅस्टिकचा पेपर अंथरणं) आणि वाटेवर स्वच्छता असेल तर त्याचं चक्र अर्धं तिथेच तुटतं.

मावा पसरवतो तो काकडी मोझेक. पानं दोरीसारखी बारीक होतात. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात टोमॅटोची फळं पिवळी-लाल-हिरवी अशी असमान पिकू लागली आणि लोक त्याला 'तिरंगा' म्हणाले. तेव्हा बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत मुख्यतः हाच विषाणू सापडला होता. मावा काही सेकंदांतच तो झाडात सोडतो, त्यामुळे कीटकनाशकाचा इथे सर्वांत कमी उपयोग.

पाचवा क्लोरोसिस, तोही पांढऱ्या माशीचाच. खालची जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी पडतात आणि हातात घेतली तर करकरीत मोडतात. मॅग्नेशियमची कमतरता समजून लोक महिनाभर मॅग्नेशियम सल्फेट सोडत बसतात.

जे विषाणू नाही ते विषाणू समजू नका

मालव्यात एक चूक सर्रास होते. थंडीत गव्हावर रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी फवारतात. टोमॅटो या तणनाशकाला फार संवेदनशील आहे. शेजारच्या शेतातून वाऱ्यावर आलेला त्याचा अंश, किंवा त्याच पंपाने नीट न धुता केलेली तुमची फवारणी, पानं दोरीसारखी करून टाकते, अगदी काकडी मोझेकसारखी. फरक ओळखायचा तर पसारा बघा. तणनाशकाचा परिणाम एका बाजूच्या सगळ्या झाडांवर एकाच दिवशी दिसतो आणि नवी पानं हळूहळू सरळ येतात. विषाणू सुट्या झाडांवर येतो आणि नवं पान आणखी बिघडलेलं निघतं. टोमॅटोसाठी पंप वेगळाच ठेवा, धुण्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरं म्हणजे खालची जुनी पानं लांबीत वर गुंडाळणं. जास्त पानकाढणी, कडक ऊन किंवा पाण्याची ओढ यांमुळे हे होतं. पान जाड आणि हिरवंच राहतं, शेंडा निरोगी असतो. तिसरं, कोळी कीड. फार बारीक असलेली एक जात शेंडा तपकिरी आणि आखडलेला करते, भिंगाशिवाय दिसत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते कायम खिशात हवं.

मॅग्नेशियम की क्लोरोसिस? कमतरता पूर्ण बेडभर सारखी दिसते, विषाणूत एक झाड पिवळं आणि शेजारचं हिरवंगार असतं.

पायरी १: तारीख ठरवा

इंदूर, सांवेर, देपालपूर, महू या सगळ्या पट्ट्यात पावसाळ्यात सोयाबीन असतं. सोयाबीनवर पांढरी माशी भरपूर असते आणि त्याचा पिवळा मोझेक आपल्याला परिचयाचा आहे. तो विषाणू वेगळा, टोमॅटोत येत नाही, पण माशी तीच. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत सोयाबीन कापलं जातं, तेव्हा उपाशी माशी हिरवं काही शोधत निघते. वाटेत गाजरगवत, मकोय, धोतरा, कुणाची जुनी टोमॅटो-मिरची यांवर बसून पर्णगुच्छाचा विषाणू उचलते आणि तुमच्या जाळीवर येऊन थडकते.

म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोवळी रोपं लावणं ही सगळ्यात वाईट वेळ. दोन पर्याय आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावून टाका म्हणजे कापणीच्या गर्दीत झाडं दीड महिन्यांची आणि दणकट असतील. नाही तर ऑक्टोबरअखेरीस लावा, थंडी पडू लागली की माशी मंदावते. आमचा कल नवख्यांसाठी दुसऱ्याकडे आहे. पहिल्या पिकात जाळीची आणि दाराची शिस्त अजून अंगवळणी पडलेली नसते.

पायरी २: घर बंद करा

लावणीच्या आधी घर, म्हणजे पॉलीहाऊस, किमान १५ ते २० दिवस पूर्ण रिकामं आणि बंद हवं. मे महिन्यात मिळालं तर उत्तम, बंद पॉलीहाऊसमधल्या उष्णतेने उरलीसुरली माशी आणि कोष मरतात. एकही हिरवं पान, कोपऱ्यातलं एकही तण आत राहू देऊ नका. बाहेर चारही बाजूंनी किमान ३ ते ५ मीटर पट्टा तणमुक्त ठेवा. त्यापलीकडे जागा असेल तर लावणीच्या महिनाभर आधी मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा, उडत येणारी कीड तिथे थोडी अडते.

बाजूच्या खिडक्यांना ५० मेशची (इंचात ५० छिद्रांची) कीडरोधक जाळी हवी. ४० मेश स्वस्त पडते, पण माशी तिच्यातून सुटते. फुलकिड्यांना ५० मेशही पूर्ण थांबवत नाही, त्यांना जवळजवळ ०.१९ मिलिमीटर छिद्राची जाळी लागते आणि तेवढी बारीक लावली तर आपल्या उन्हाळ्यात आतलं पीक शिजतं. म्हणून ५० मेश लावा, जाळीचं क्षेत्र वाढवून हवा भरून काढा, आणि फुलकिड्यांसाठी मल्चिंग व चिकट सापळ्यांवर भिस्त ठेवा. सोयाबीनची मळणी सुरू झाली की थ्रेशरचा भुसा आणि धूळ जाळीत अडकते, हवा कोंडते आणि मग मजूर खिडकी उघडी टाकतो. त्या काळात दर आठवड्याला आतून बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाच्या पाण्याने जाळी धुवा.

फाटकी जागा शोधायची सोपी रीत: दुपारच्या उन्हात आत उभं राहून बाहेर बघा. बारीक भोकंसुद्धा उजेडाने चमकतात. जाळी आणि पाईप जिथे क्लिपने जोडले आहेत तिथे आणि जमिनीला मिळते त्या कडेला हमखास फट असते. कड १५ ते २० सेंटिमीटर मातीत गाडा.

दार दुहेरी. मधली खोली कमीत कमी २ मीटर लांब आणि रुंद, म्हणजे क्रेटची हातगाडी आत घेऊन मागचं दार लावता येईल आणि मगच पुढचं उघडेल. खोली हातगाडीपेक्षा लहान असेल तर माल नेताना दोन्ही दारं एकदम उघडी राहणार, आणि तिथेच सगळा खर्च वाया जातो. मधल्या खोलीच्या भिंतीवर एक पिवळा सापळा टांगा. तो भरू लागला तर दाराची शिस्त बिघडली आहे.

पायरी ३: बी आणि रोप

१००० चौरस मीटरच्या घरात १ मीटरचा बेड, अर्ध्या मीटरची वाट, बेडवर दोन ओळी आणि दोन झाडांत ५० सेंटिमीटर, असं धरलं तर कडा सोडून साधारण २४०० रोपं बसतात. दहा टक्के जास्त तयार ठेवा.

वाण निवडताना पाकिटावर पर्णगुच्छ आणि मोझेक या दोन्हींसाठी प्रतिकार लिहिला आहे का बघा. प्रतिकार म्हणजे रोग येणारच नाही असं नाही. झाडात विषाणू शिरू शकतो, फक्त झाड तग धरतं. माशीचा मारा फार झाला तर प्रतिकारक वाणही कोसळतो.

बी साधं, रंग न लावलेलं असेल तर १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम, २० मिनिटं बुडवून वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवा आणि सावलीत वाळवा. हातमोजे घाला, हे द्रावण त्वचेला जाळतं. रंगीत औषध लावलेल्या संकरित बियाला हे करू नका, औषध धुऊन जाईल.

रोपं विकत घेणार असाल तर रोपवाटिका आधी बघून या. तिथे दुहेरी दार आहे का, शेजारीच मिरची किंवा वांग्याचे जुने वाफे आहेत का, ते बघा. मग सकाळी लवकर चारेक ट्रेंतली रोपं हलकेच वाकवून पानांच्या खालच्या बाजू तपासा. थंड वेळी माशी सुस्त असते, उडत नाही. पांढरे कण हलताना दिसले तर तो लॉट घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. ९८ खाचांच्या ट्रेमधलं २५ ते २८ दिवसांचं रोप घ्या. लावण्याच्या आदल्या दिवशी ट्रेला इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, लिटरला ०.३ मिलि, या प्रमाणात आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळाशी ओता. सुरुवातीच्या नाजूक आठवड्यांत आतच कुठे लपलेली माशी त्यामुळे वाढत नाही.

बेडवर २५ ते ३० मायक्रॉनचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, चंदेरी बाजू वर. चमकेमुळे मावा, माशी आणि फुलकिडे उतरताना गोंधळतात. हा फायदा झाडांनी पेपर झाकेपर्यंतच, पण नेमका तोच काळ धोक्याचा असतो.

पायरी ४: हात, दोरी, क्रेट

मोझेकच्या बाबतीत तुमचा मजूर हाच वाहक. तंबाखू आत नाही, खिशातही नाही, हा नियम मालकालाही लागू. दारात पाण्याचा नळ आणि साबण ठेवा, मनगटापर्यंत हात चोळून धुतल्याशिवाय कुणी आत येणार नाही. बगलफूट ५ ते ७ सेंटिमीटरची असतानाच बाजूला दाबून मोडा, म्हणजे बोटाला रस कमी लागतो. कात्री वापरली तर प्रत्येक ओळीनंतर दुधाच्या भुकटीच्या द्रावणात बुडवा: स्निग्धांश काढलेली भुकटी लिटरला २०० ग्रॅम. दुधातली प्रथिनं विषाणूच्या कणांना निकामी करतात. तेच द्रावण ओळ बदलताना हातांनाही लावता येतं. दिवसातून दोनदा ताजं करा, आंबलं की टाका.

कामाचा क्रम आधी नव्या लावणीच्या घरात, मग जुन्या. एकाच घरात आधी निरोगी ओळी, शेवटी शंकेच्या. उलट करू नका. झाडं ओली असताना हातकाम टाळा. परागीभवनासाठी झाडांना हात लावण्याऐवजी वरच्या तारेला काठीने टकटक करा, सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान.

झाडं बांधायची दोरी दर पिकाला नवी. जुनी दोरी वाचवून दोन-तीन हजार रुपये वाचतात आणि तिच्यावरचा सुकलेला रस पुढच्या पिकात जातो. मंडीतून परत येणारे क्रेट हा आणखी एक दुर्लक्षित भाग. चोइथराम मंडीत तुमचे क्रेट दहा जणांच्या मालाशी मिसळतात, फुटलेल्या फळांचा रस त्यांना लागलेला असतो. ते घराबाहेरच साबणाच्या पाण्याने घासा आणि उन्हात उलटे वाळवा, मगच आत आणा.

पायरी ५: दर आठवड्याची फेरी

१००० चौरस मीटरला आठ ते दहा पिवळे सापळे आणि चार-पाच निळे. शेंड्याच्या जरा वर टांगा आणि झाड वाढेल तसे वर सरकवा, खाली राहिलेला सापळा काही सांगत नाही. त्यावर बॉलपेनने तारीख लिहा, दर सोमवारी माश्या मोजून वहीत नोंदवा. आकडा स्वतः फार महत्त्वाचा नाही. मागच्या आठवड्यापेक्षा दुप्पट झाला का आणि कोणत्या कोपऱ्यात झाला, ते महत्त्वाचं.

मग घरातून नागमोडी चालत शेंडे बघा. रोगट झाडं कुठे आहेत हे कागदावर खूण करून ठेवा. हा नकाशा तुम्हाला रोगाची वाट दाखवतो. लावणीनंतर पहिल्या १५-२० दिवसांत घरभर विखुरलेली झाडं आखडली तर रोग रोपवाटिकेतूनच आलेला आहे, कारण लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. दाराजवळ किंवा एका खिडकीशी गोळा झाली तर तिथे फट आहे. एका ओळीत सलग, एकामागून एक, म्हणजे हात.

शंका असेल तर शेंड्याची ताजी चार-पाच पानं कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कागदी पाकिटात, थंड डब्यात घालून त्याच दिवशी कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा इंदूरच्या कृषी महाविद्यालयात दाखवा. ओल्या प्लॅस्टिकमध्ये नेलेलं पान दुपारपर्यंत कुजतं आणि मग त्यातून काही कळत नाही.

फवारणी करायची तर औषधाचा गट (कीड मारण्याची पद्धत) बदलून. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम आलटून पालटून मारणं म्हणजे बदल नव्हे, दोन्ही एकाच गटातली आहेत आणि माशी दोन्हींना एकदमच सरावते. स्पायरोमेसिफेन २२.९ टक्के, लिटरला १.२५ मिलि, किंवा सायनट्रानिलिप्रोल १०.२६ टक्के, लिटरला १.८ मिलि, ही वेगळ्या गटांतली आहेत. लेबलवर टोमॅटो लिहिलंय का आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचा. नोझल खालून वर धरा, माशीची पिल्लं पानाच्या पाठीला चिकटलेली असतात आणि वरून मारलेलं औषध त्यांच्यापर्यंत जातच नाही.

पायरी ६: रोगट झाड काढणं

सकाळी, माशी सुस्त असताना. आधी त्या झाडावर आणि भोवतालच्या झाडांवर माशीचं औषध मारा. मग मोठी पॉलिथिनची पिशवी शेंड्यावरून खाली घाला, बुंध्याशी बांधा आणि त्याखाली कापा. नुसतं उपटून हलवत वाटेने नेलं तर माश्या शेजारी उडतात आणि एकाची दहा होतात. पिशवी तशीच बंद ठेवून बाहेर कडक उन्हात दोन-तीन दिवस टाका, मग खड्ड्यात पुरा.

मोझेक असेल तर दोन्ही बाजूंची दोन-दोन झाडंही काढा, ती निरोगी दिसली तरी. जीव तुटतो, पण मागच्या कामाच्या दिवशी त्याच बोटांनी तीही हाताळली गेली आहेत. मुळं शक्य तितकी खणून काढा आणि ज्याने हे काम केलं त्याने त्या दिवशी दुसऱ्या झाडाला हात लावू नये.

पर्णगुच्छाची लागण उशिरा, फळांचे पाच-सहा झुपके धरल्यावर झाली असेल तर ते झाड काढू नका. खालची फळं पक्व होतील. फक्त शेंडा खुडून टाका आणि माशीवर लक्ष ठेवा.

पीक संपताना

शेवटच्या तोडणीनंतर हिरवी झाडं तशीच उपटून बाहेर बांधावर फेकली तर आतली सगळी माशी शेजारच्या शेतात जाते आणि दोन महिन्यांनी तुमच्याकडेच परतते. आधी माशीची फवारणी करा, ठिबक बंद करा, खिडक्या आणि दारं लावा आणि उभी झाडं वाळू द्या. आठ-दहा दिवसांत पानं कोरडी झाली की झाडं, दोऱ्या आणि मल्चिंग पेपर एकत्र गोळा करून एकदाच बाहेर न्या. पाईप, तारा आणि क्लिपा सोडियम हायपोक्लोराइटने पुसा, ४ ते ५ टक्क्यांच्या तयार द्रावणाचा एक भाग आणि नऊ भाग पाणी. क्लिपा अर्धा तास बुडवून ठेवा, नंतर साध्या पाण्याने धुवा, नाही तर वर्षभरात गंजतात.